आमच्या दरोड्याचा रिव्ह्यू

गेमचा रिव्ह्यू करायला बसलं की एक घोळ होतो. रिव्ह्यू असतो एवढासा, आणि तो करताना जे काही घडतं ते सांगायला संध्याकाळ पुरत नाही. घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या कशा साठतात, एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, तसे हे किस्से. टाकून द्यायला मन होत नाही आणि ठेवायला जागा नाही. कुणी भेटलं की मी एक बाहेर काढतो, आणि समोरचा हसून म्हणतो, "ताई, हे व्हिडिओत का घातलं न्हाईस?" अरे बाबा, घातलं असतं तर दिप्याचं लग्न मोडलं असतं!

आता 'काढतो' म्हणालो म्हणून बिचकू नका. मी बाईच आहे. सुप्रिया माझं नाव, कसबा बावड्यात एका पतसंस्थेत कॅशियर. पण आम्ही कोल्हापूरच्या पोरी आलो, गेलो, जेवलो असंच बोलतो, आणि मी इथं पण तसंच बोलणार.

तर आमचं चौघांचं एक चॅनल आहे. नवीन गेम आला की मिळून खेळायचा आणि मग कोल्हापुरीत त्याची हजेरी घ्यायची. स्टार वगैरे आम्ही देत नाही. गेम भारी असला तर 'तांबडा रस्सा', बरा असला तर 'पांढरा रस्सा', आणि पैसे वाया घालवणारा असला तर 'दूधभात'. दूधभात मिळालेल्या गेमला आमचे बघणारे हात लावत नाहीत.

चौघांतली एक मी. दुसरा दीपक, म्हणजे दिप्या, आमच्या शेजारच्या गल्लीतला. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. तिसरा कबनूरचा संजू, यंत्रमागावर कामाला. चौथी कोडोलीची आशू, दूध संस्थेत कॉम्प्युटरवर बसते. दिवसभर आपापली कामं करायची आणि संध्याकाळी आपापल्या घरातनं ऑनलाइन यायचं.

या खेपेचा गेम होता दरोड्याचा. नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला! चौघांनी मुखवटे घालून बँकेत शिरायचं, माणसांना पालथं पाडून बांधायचं, तिजोरी फोडायची, पिशव्या बाहेरच्या गाडीत टाकायच्या आणि पोलिसांना चुकवून पळायचं. सगळं आपल्याच डोळ्यांनी दिसतं, खाली फक्त आपले दोन हात आणि त्यात बंदूक.

आता अडचण ऐका. दिप्या आणि आशूचं जुळलं होतं. खेळता खेळताच जुळलं. घर, शिक्षण, सगळं पटण्यासारखं होतं, आणि आशूच्या घरी विषयही निघाला होता. पण आशूचे वडील आबा हे रिटायर्ड हवालदार! जन्मभर चोर धरलेला माणूस, आणि होणारा जावई रोज संध्याकाळी बँक लुटतोय! त्यांनी विचारलं, "पोरगं करतं काय?" आशू म्हणाली, "फ्लेक्सचं दुकान हाय." आबांनी विचारलं, "आणि दुकान बंद केल्यावर?" आशू चहा ठेवायला आत पळाली. दिप्याचा तर जीव टांगणीला लागला होता. तेव्हापासून आमचं ठरलं, लग्न पक्कं होईपर्यंत या गेमचा कोडोलीत बोभाटा करायचा नाही.

बोभाटा करायचा नाही, आणि टीममध्ये संजू!

*

या गेममध्ये एक नवीन गोष्ट होती. आपण माइकवर बोललो की गेममधल्या पहारेकऱ्यांना ते ऐकू जातं. म्हणून शांतपणे शिरायचं असेल तर कुजबुजत बोलावं लागतं.

संजू दिवसभर मागांच्या खडखडाटात उभा असतो. तिथं शेजारच्याला वेळ विचारायची तरी बोंब मारावी लागते. त्यामुळं त्याचा एकच आवाज आहे, आणि तो घरी, लग्नात, दवाखान्यात सगळीकडं तोच असतो.

पहिल्या दिवशी आम्ही बँकेच्या मागच्या जिन्यात दबा धरून बसलो. आशू अगदी हळू म्हणाली, "संजू, पहारेकरी जवळ हाय. हळू बोल."

"हळूच बोलतोय की!!!"

सगळे पहारेकरी एकदम वळले. दोन मजल्यांवरचे! सायरन वाजला, आणि आम्ही चौघं जिन्यातच गार.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा आशूनं त्याला बजावलं, "आता तोंडच उघडायचं न्हाय. काय वाटंल ते झालं तरी." संजू शहाण्यासारखा गप्प राहिला. आम्ही तिजोरीपर्यंत पोचलो, कधी नव्हं ते! मी तिजोरीच्या दाराला हात लावला आणि कानात स्फोट झाला.

"बघा, मी कसा गप बसलोय!!!"

*

दिप्याची एक खोड आहे. त्याला डोक्यात आलेली आयडिया संध्याकाळपर्यंत धरून ठेवता येत नाही. एकदा त्यानं मला भरदुपारी पतसंस्थेत फोन केला. काउंटरवर गर्दी, हातात नोटांचं बंडल, म्हणून मी फोन खांद्यात धरला आणि बोलत बसलो.

"व्हय व्हय, मागच्या दारानंच जाऊया. कॅमेरे मी बघतो. तिजोरी आशू फोडंल. तू फक्त मॅनेजरला बांध, लई वळवळ करतोय त्यो."

फोन ठेवला आणि बघतोय तर सगळा हॉल चिडीचूप. पेन्शन घ्यायला आलेल्या एका आजींनी पासबुक छातीशी धरलेलं. शिपाई दाराला पाठ लावून उभा. आणि माझ्या बरोबर मागं आमचे मॅनेजर, हातात चष्मा.

मी घाईघाईनं बंडल खाली ठेवलं. म्हणालो, "साहेब, ते गेममधलं होतं..."

साहेबांनी चष्मा पुसला, घातला, टेबलावरच्या फायलींच्या ढिगाकडं बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, बांधायचं तर खुशाल बांधा मला. आत्ताच बांधा. मार्च एंड झाल्यावर सोडा."

*

पण त्या गेममधल्या बँकेवर माझा भयंकर राग होता. अहो, आमच्याकडं तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक मॅनेजरकडं, एक कॅशियरकडं. दोघं एकदम उभे राहिल्याशिवाय दार हलत नाही. आणि या गेममध्ये? एकाच माणसाच्या खिशात सगळा जुडगा! आणि तो माणूस जेवणाच्या सुट्टीत जुडगा टेबलावर टाकून जातो!

रिव्ह्यूचं कच्चं रेकॉर्डिंग चालू होतं. मी सुटलो. किल्ल्या कुणाकडं असाव्यात, कॅश मोजताना कोण हजर पाहिजे, रजिस्टरवर सह्या कुणाच्या, कॅशियर रजेवर गेला तर चार्ज कुणी घ्यायचा. गोळीबार कसा आहे, चित्रं कशी आहेत, यावर चकार शब्द नाही. कितीतरी वेळानं मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा दिप्या गरिबासारखा म्हणाला, "ताई, आपण दरोड्याचा रिव्ह्यू करतोय. ऑडिट न्हाय."

*

हा संजूच्या आईचा. माउली लई भोळी, आणि घरी आलेला माणूस चहाशिवाय गेला तर तिला झोप लागत नाही.

एका संध्याकाळी संजू आतल्या खोलीत हेडफोन लावून बसला होता. आमचा दरोडा ऐन रंगात आलेला. बँकेतल्या लोकांना पालथं पाडायचं काम संजूकडं. बंदूक हातात असली तरी माणूस कबनूरचा, परक्याशी बोलायची पद्धत कुठं जाणार!

"ओ पावणं, बसा खाली! ओ लाल शर्टवाले पावणं, तुमास्नीच म्हणतोय, बसा की! ताई, तुम्ही पण या हिकडं! कुणी उठायचं न्हाय! कुणी जायाचं न्हाय!"

स्वयंपाकघरात आईनं ऐकलं. पोरगं एवढा आग्रह करतंय म्हणजे पावणं बरंच आलेलं दिसतंय. तिनं मोठं पातेलं चढवलं. शेजारनं कपबश्या मागून आणल्या. आणि भरलेला ट्रे घेऊन आत आली, तर खोलीत संजू एकटा, भिंतीकडं तोंड करून.

आम्हाला माइकवर सगळं ऐकू येत होतं.

"संजू, पावणं कुठं गेलं रं?"

संजू खेळाच्या नादात. म्हणाला, "बांधून ठेवल्यात!"

ट्रे खाली ठेवल्याची किणकिण ऐकू आली. मग आई कळवळून म्हणाली, "मग चहा पिऊन हुस्तवर तरी सोड की बाबा त्यास्नी!"

*

एवढं सगळं होऊन शेवटचा दरोडा काही जमेना. गेममध्ये सगळ्यात अवघड तोच. आणि तो पार केल्याशिवाय रिव्ह्यू द्यायचा नाही हा आमचा नियम. बघणारे विचारून विचारून दमले, "तांबडा का पांढरा, सांगा की लवकर!"

दिप्या म्हणाला, आपल्याकडं प्लॅन नाही म्हणून जमत नाही. प्लॅन पाहिजे, आणि तो डोळ्यांसमोर पाहिजे. आता दुसऱ्या कुणी कागदावर काढला असता. पण दिप्याचं दुकान फ्लेक्सचं! त्यानं सबंध बँकेचा नकाशा भिंतीएवढ्या फ्लेक्सवर छापला. लाल बाण, हिरवे बाण, 'इथून आत', 'इथं तिजोरी', 'मागच्या दारानं पळणे'. आणि छापायला घेतला वाढदिवसाचा तयार नमुना. त्यामुळं वर आमच्या चौघांचे फोटो गोलात, मागं किरणं, आशूच्या फोटोखाली 'ड्रायव्हर: आशू (कोडोली)', आणि सगळ्यात खाली 'शुभेच्छुक: समस्त मित्र परिवार'!

त्याच दिवशी चौकात एका दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागायचा होता. दोन्ही गुंडाळ्या एकाच मापाच्या, दुकानात शेजारी शेजारी.

दिप्यानं घरी गुंडाळी आणली, मी भिंतीला टेप लावायला उभा. उलगडतोय तर गॉगल घातलेले दादा, कानाला मोबाईल! आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग चौकात काय लागलंय?

पळत सुटलो. चौकात ही गर्दी! आमचा दरोडा कमानीवर झळकत होता. पोरं खाली उभी राहून फोटो काढत होती. दिप्या शिडी शोधायला धावला. आणि कट्ट्यावरचे म्हातारे? त्यांनी एकेक बाण नीट वाचून, वाद घालून, निकाल पण काढून ठेवला होता. त्यातल्या एका आजोबांनी मला जवळ बोलावलं आणि काळजीनं म्हणाले, "पोरी, बाकी समदं झ्याक हाय. पण मागच्या दारानं नगा पळू. मागं भाजीच्या गाड्या लागत्यात, अडकून पडशीला."

*

फ्लेक्स उतरवला, पण फोटो गावभर. ग्रुपवरनं ग्रुपवर जात जात तो कोडोलीला पोचला, आणि थेट आबांच्या मोबाईलवर. स्वतःच्या पोरीचा हसरा फोटो, खाली 'ड्रायव्हर', आणि बाण तिजोरीकडं!

आबांनी दिप्याला फोन केला. एकच वाक्य. "रविवारी सकाळी येतो. घर बघायचं हाय, आणि त्यो दरोडा पण बघायचा हाय."

दिप्या पांढराफटक. जेवण तुटलं त्याचं. दोन दिवस माझ्या घराच्या पायरीवर बसून एकेक थाप जुळवत होता. म्हणाला, "आबांना सांगूया, पेठेतल्या मॅचचा डाव आखला होता. फुटबॉलचा."

मी म्हणालो, "तिजोरीत गोल करणार हाईस व्हय रं? खुळ्या, जे हाय ते दाखव."

"आणि न्हाई म्हणाले तर?"

मी त्याच्याशेजारी पायरीवर बसलो. म्हणालो, "मी येतो रविवारी. लॅपटॉप घेऊन."

*

रविवारी आबा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशी, आणि पंचनाम्याला आल्यासारखी नजर. पुढचं दार त्यांनी दोनदा उघडून बंद करून बघितलं, खिडकीचे गज हलवून बघितले. दिप्याची आई पोहे घेऊन आली तर म्हणाले, "पोहे मागनं, ताई. आधी घटनास्थळ."

दिप्याच्या खोलीत गेलो. दिप्यानं कॉम्प्युटर चालू केला, शेजारी मी माझा लॅपटॉप मांडला. आबा म्हणाले, "ह्याच्यात चौघं लागत्यात न्हवं? बाकीची कुठायत?" दिप्यानं सांगितलं, संजू आणि आशू ऑनलाइन येतात. "बोलवा त्यास्नी. आणि चौथा मी." असं म्हणून ते माझ्या लॅपटॉपपुढं बसले सुद्धा!

मी त्यांच्या मागं उभा राहून शिकवायला लागलो. "आबा, ह्यानं चालायचं, ह्यानं वाकायचं, आणि हे दाबलं की गोळी."

"गोळीचं राहू दे. हे तोंडावर काय घातलंय?"

"मुखवटा, आबा."

"काढ त्यो. तोंड लपवायला आपण काय चोर हाय व्हय?"

स्पीकरमधनं आशूचा बारीक आवाज आला, "आबा... चोरच हाय की."

दरोडा सुरू झाला. तोच, शेवटचा, न जमणारा. आणि काय सांगू, त्या दिवशी सगळं जमत गेलं! संजू तिजोरीवर, दिप्या पिशव्या वाहतोय, आशू गाडी घेऊन मागं तयार. आबांनी फक्त बँकेतली माणसं सांभाळायची. ते हॉलमध्ये उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "गर्दी करू नका, एका बाजूला व्हा. लहान पोरं पुढं."

मग पोलीस आले. मी ओरडलो, "आबा, गोळी मारा!"

आबांनी माउसवरचा हातच उचलला. "कुणाला? ही आपली पोरं हाईत! सकाळपासनं बंदोबस्ताला असतील, पोटात कण तरी गेलाय का बघा त्यांच्या!" आणि चालत निघाले सरळ त्यांच्याकडं, विचारपूस करायला.

ढिश्यांव! लॅपटॉपचा पडदा लाल.

"काय झालं हे?"

"आबा, तुम्ही पडलासा. गोळी लागली."

"मग बघत काय उभं राहिलासा? दवाखान्यात न्या की!"

या गेममध्ये पडलेल्याला साथीदारानं येऊन उठवावं लागतं, तेही थोड्या वेळात. नाहीतर पोलीस बेड्या घालतात. आणि गाडी कधी सोडायची ते ड्रायव्हरच्या हातात. गाडीत जेवढे बसले तेवढे जिंकले, मागं राहिले ते जेलमध्ये. आमच्या सगळ्या पिशव्या गाडीत पडलेल्या. संजू बसलेला. दिप्या गाडीच्या दारात, एक पाऊल टाकलं की झालं! इतक्या दिवसांचा आटापिटा, रिव्ह्यू, सगळं त्या एका पावलावर.

आशू ओरडली, "दिप्या, बस! पोलीस आले, बस!!"

दिप्यानं मान वळवली. पडद्यावर नाही, खोलीत. शेजारच्या खुर्चीत आबा लाल पडद्याकडं बघत बसलेले, माउस दोन्ही हातांत धरलेला, काय करावं कळेना. मोठा कडक माणूस, पण त्या वेळी अगदी बावरल्यासारखा दिसत होता.

दिप्यानं खांद्यावरची शेवटची पिशवी रस्त्यात टाकली आणि उलटा पळाला. "आबा, आलो! हलू नका, आलो मी!" समोरनं गोळ्यांचा पाऊस, आणि हा पळतोय. हॉलमध्ये पोचला, आबांना उठवायला वाकला, आणि तिथंच आडवा झाला. दोघांच्याही हातात बेड्या पडल्या. आबांच्या लाल पडद्यावर आणि दिप्याच्या लाल पडद्यावर एकच चित्र.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला, टायर किंचाळले, आणि गाडी गेली! स्पीकर फुटायचा बाकी राहिला.

"जितलो!!!" संजू.

"जितलो रे जितलो! नाद खुळा!" आशू तर किंचाळत होती. "संजू, दिप्याचा वाटा आपल्या दोघांत!"

"आणि आबांचा?"

"आबांचा पण!"

मी घाईघाईनं स्पीकर बंद केला. दिप्या खाली मान घालून बसलेला, कानाच्या पाळ्या लाल. त्याची आई दारात पोह्यांच्या बश्या घेऊन उभी, तिला काही कळत नव्हतं, पण काहीतरी बिनसलंय एवढं समजलं होतं. मला वाटलं, संपलं. गेलं लग्न.

आबांनी माउस टेबलावर ठेवला. उठले. शर्ट खाली ओढून सारखा केला. दिप्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दारात जाऊन त्याच्या आईला हात जोडले.

"ताई, तुमचं पोरगं आमास्नी पसंत हाय," ते म्हणाले. "आमच्या पोरीचं मात्र तुम्ही चार दिवस नीट इचार करून कळवा."